पांदणीवरून सुरुवात: पहिल्यांदाच पक्षी बघायला निघताना

पक्षी बघायचे म्हटले की लोक आधी दुर्बिणीची किंमत विचारतात आणि मग ताडोबाच्या बुकिंगची चौकशी करतात. दोन्हीची घाई नको. विदर्भातल्या कुठल्याही गावात घरापासून पांदणीपर्यंत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेपर्यंत, तिथून धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) तलावाच्या किंवा नाल्याच्या काठापर्यंत गेलात तर हिवाळ्याच्या एका सकाळी तीस-चाळीस जातींचे पक्षी डोळ्यांखालून जातात. नवख्याला त्यातले पाच-सहाच ओळखू येतात. बाकीचेही तिथेच समोर असतात, फक्त त्यांच्याकडे कसे बघायचे ते माहीत नसते.

जंगल सफारी हा तर पक्षी शिकण्याचा सर्वांत महाग आणि सर्वांत वाईट मार्ग. गाडीतून उतरता येत नाही, गाडी थांबते ती वाघासाठी, आणि दाट बांबूत पक्षी दिसला तरी त्याची शेपटी तेवढी दिसते. वावरातला कोतवाल पक्षी मात्र उघड्या तारेवर दहा मिनिटे बसून राहतो. शिकायला तोच बरा.

वाट एकच ठेवा

एक ते दीड किलोमीटरची वाट ठरवा. तिच्यात चार गोष्टी याव्यात: थोडी वस्ती, एखादे जुने मोठे झाड (चिंच, वड, उंबर, काहीही), उघडे वावर आणि पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पाण्याची अडचणच नाही. गावागावात बोडी (लहान तळे) किंवा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे. अकोला, वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडे पाझर तलाव, नाला, नाहीतर संत्र्याच्या बगीच्यातला पाण्याचा हौदही चालतो.

हीच वाट निदान आठ-दहा वेळा चाला. रोज नवी जागा धरली की रोज सगळेच पक्षी अनोळखी राहतात. पक्ष्यांच्या बैठका ठरलेल्या असतात. खाटीक त्याच बोरीच्या शेंड्यावर, वेडा राघू त्याच तारेवर, पिंगळ्याची जोडी त्याच ढोलीच्या तोंडाशी. कोण कुठे बसतो हे एकदा डोक्यात बसले की नवा पाहुणा आपोआप वेगळा दिसतो. "या तारेवर तर रोज कोतवाल असतो, आज हा जाडगेला कोण?" असा प्रश्न पडला की शिकणे सुरू झाले म्हणायचे.

तासाभरात एक किलोमीटर, याहून भराभर चालू नका. साधारण पन्नास पावलांवर थांबा आणि दोन-तीन मिनिटे उभे राहा. माणूस चालत असतो तेव्हा झुडपातले पक्षी गप्प बसतात. थांबल्यावर थोड्या वेळाने आधी आवाज आणि मग हालचाल सुरू होते. गावातला कुत्रा मागे लागला तर त्याला परत पाठवा किंवा तुम्हीच परत या. कुत्रा पुढे पळत असेल तर त्या दिवशी जमिनीवरचा एकही पक्षी दिसणार नाही.

वेळ सूर्यावर ठरवा, घड्याळावर नाही. डिसेंबरात नागपूरकडे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. सात ते नऊ ही उत्तम वेळ. धानपट्ट्यात धुके असेल तर आठपर्यंत दिसत काहीच नाही, तेव्हा नुसते ऐकायचे. मे महिन्यात साडेपाचलाच सूर्य वर येतो आणि आठ वाजता खेळ संपतो. उन्हाळ्याच्या दुपारी फिरू नये. पक्षीही चोच उघडी टाकून सावलीत बसलेले असतात.

सुरुवात कुठल्या महिन्यात करावी, याला आमचे उत्तर नोव्हेंबर. तलाव भरलेले असतात, हलका धान कापून बांध्या (धानाची खाचरे) मोकळ्या होऊ लागतात आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे उतरलेले असतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून हे दिवस. त्या आठवड्यात अनेक ठिकाणी जाणकार मंडळी लोकांना घेऊन निघतात. कुणाच्या सोबतीने एक सकाळ काढता आली तर जरूर काढा. पुस्तकात चार दिवस जे शोधाल ते सोबतचा माणूस एका बोटाने दाखवतो.

पावसाळा नवशिक्याला अवघड. पाने दाट, गवत कमरेएवढे आणि पक्षी नुसते ओरडत असतात. फेब्रुवारी-मार्चात मात्र एक सोपी युक्ती आहे. फुललेल्या पळसापासून किंवा काटेसावरीपासून दहा-पंधरा पावले लांब नुसते बसा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल आणि परतीच्या वाटेवरच्या पळसमैनांचे थवे तिथे रांगेने येतात. चालायचे काम नाही.

पहिले पंधरा दिवस दुर्बीण नको

वही आणि शिसपेन्सिल पुरते. पेनाची शाई दवाने फुटते. दुर्बीण आधी हातात आली की नवखा माणूस रंग बघत बसतो आणि पक्षी काय करतोय, कसा बसलाय ते निसटते. ओळख बहुतेक वेळा तिथेच असते.

टिपायचा क्रम पाठ करा: आकारमान, चोच, शेपटी, बसण्याची ढब, जागा, करणी आणि सर्वांत शेवटी रंग. आकारमानाला इंच-सेंटिमीटर नको, तीन मापे ठेवा: चिमणी, साळुंकी, कावळा. "साळुंकीपेक्षा जरा मोठा, कावळ्यापेक्षा लहान" एवढे लिहिले तरी निम्मे पक्षी बाद होतात. लांब एकट्याच असलेल्या पक्ष्याचे माप हमखास चुकते. शेजारी खांब, बकरी, दुसरा पक्षी असेल त्याच्याशी तोलून लिहा.

रंग शेवटी का, तर रंग फसवतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असला की हिरवा राघूही काळा दिसतो. पिल्लाचा रंग वेगळा, मादीचा वेगळा. कोकीळ नर काळाकुट्ट असतो, तर मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेली. दोघांना एक मानायला कुणी तयार होत नाही.

सराव म्हणून "काळा पक्षी" एवढीच ओळख घ्या आणि बघा किती जण निघतात. तारेवर ताठ बसलेला, लांब शेपटी टोकाला दुभंगलेली, मधूनच झेप घेऊन किडा पकडून परत त्याच जागी येणारा, तो कोतवाल. चिंचेच्या आत दडलेला, दिसण्याआधी ऐकू येणारा, डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट, तो कोकीळ नर. गोठ्याच्या भिंतीशी नाहीतर दगडाच्या ढिगावर, चिमणीपेक्षा थोडा मोठा, शेपटी उभी धरलेली आणि शेपटीखाली तांबूस, तो चिरक. फुलाशी लोंबकळणारा, अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, तो शिंजीर. उन्हात तो जांभळा चमकतो. विणीचा हंगाम संपला की या नराचा चमकता पोशाख उतरतो आणि फिकट पिवळ्या पोटावर गळ्यापासून एक काळी रेघ तेवढी उरते. मग लोक त्याला नवा पक्षी समजून नोंदवतात. तलावातल्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसलेला तो पाणकावळा. पाच काळे पक्षी, आणि यातला एकही रंगावरून ओळखलेला नाही.

वहीत नोंद अशी असावी:

"१२ डिसेंबर, स. ७.४०, बोडीचा सांडवा. एक पक्षी. साळुंकीपेक्षा बराच मोठा. मान आखडून, पाण्याच्या कडेला चिखलात निश्चल. मातकट, गळ्यावर-छातीवर तपकिरी रेघा. चोच लांब, टोकदार. जवळ जाताच उडाला तर पंख पांढरे शुभ्र! आवाज: घोगरा 'क्वाक'. तलावापलीकडे बाभळीवर बसला."

ही ढोकरी. नाव माहीत नसताना लिहिलेली ही नोंद घेऊन कुठलाही जाणकार दोन सेकंदांत उत्तर देईल. "भुरा पक्षी दिसला, मग पांढरा झाला" असे सांगितले तर कुणालाच काही सांगता येणार नाही. ढोकरीचा प्रयोग मुद्दाम करून बघण्यासारखा आहे. ती चिखलात बसलेली असताना तुमच्यापासून वीस पावलांवर असूनही दिसत नाही. उडाल्यावर मात्र कुणीतरी पांढरा रुमाल भिरकावल्यासारखी दिसते. पंख मिटून उतरली की परत मातीत विरघळते.

नीलपंखाचेही तसेच. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ हाच. तारेवर बसलेला असताना मळकट तांबूस दिसतो, उडाला की दोन्ही पंखांवर निळ्याचे पट्टे उघडतात. म्हणून उडालेल्या पक्ष्यालाही शेवटपर्यंत बघायची सवय ठेवा. "गेला" म्हणून मान वळवू नका.

नावांबद्दल एक सांगायला हवे. पुस्तकातले मराठी नाव एक, तुमच्या गावातले दुसरे आणि पाच कोसांवर तिसरे. तिन्ही लिहा. तलावावर जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांना पाणपक्ष्यांची जी माहिती असते ती पुस्तकांत शोधून सापडत नाही. गुराखी आणि शेतावर जागलीला जाणारे लोकही तसेच. त्यांना पक्ष्याचे नाव विचारू नका, "हा कधी येतो, कुठे अंडी घालतो" ते विचारा.

दुर्बीण घ्यायची झाली तर

८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठे, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागले की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी तेवढे मिलिमीटर. पहाटेच्या अंधुकात ती उपयोगी पडते. दहापट घेतली तर हाताची थरथरही दहापट होते आणि दिसणारा भाग लहान होतो, पक्षी सापडतच नाही. जत्रेत, नाहीतर ऑनलाइन, "पन्नासपट झूम" म्हणून मिळणाऱ्या दुर्बिणी घेऊ नका. कामापुरती चांगली ८×४२ साधारण सहा ते दहा हजारांत येते. तेवढे नसतील तर तीन-चार जणांत एक घ्या. काही बिघडत नाही.

दुकानातून बाहेर येऊन आकाशासमोरची विजेची तार बघा. दोन तारा दिसल्या, किंवा दोन मिनिटांत कपाळ दुखू लागले, तर आतले प्रिझम सरकलेले आहेत. ती ठेवून द्या.

घरी आणल्यावर एकदाच नीट जुळवून घ्यावी लागते. लोक हे करत नाहीत आणि मग वर्षभर "धूसर दिसते" म्हणत राहतात. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ करा. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी आत फिरवा, नसेल तर बाहेर. आता पन्नास पावलांवरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरे स्वच्छ दिसतील असे करा. मग डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवून तीच अक्षरे स्वच्छ करा. कडीवर कुठली खूण आली ते बघून ठेवा. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे. घरातल्या दुसऱ्या कुणी वापरली की कडी हललेली असते, एवढे ध्यानात ठेवा.

पक्षी दुर्बिणीत न सापडणे ही पहिल्या महिन्यातली सर्वांत मोठी तक्रार. कारण एकच: माणूस पक्षी बघतो, मग मान खाली घालून दुर्बीण उचलतो आणि परत वर बघतो. तोवर फांदी हरवलेली असते. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. डोळे तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. आधी विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या कपांवर सराव करा, मग चरणाऱ्या बकरीवर, मग तारेवरच्या होल्यावर (कबुतराच्या जातीचा पक्षी). उडत्या पाकोळीच्या मागे लागू नका, ती कुणालाच सापडत नाही.

भिंगे दुपट्ट्याने पुसू नका. वावरातली धूळ त्यात असते आणि भिंगावरचा लेप ओरखडतो. आधी फुंकर, मग मऊ कापड. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा; नाहीतर आत बुरशी धरते आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या दुर्बिणीइतका होतो.

तलावाची पाळ

तलावावर नव्वद टक्के लोक एकच चूक करतात: पाळीवर चढून सरळ उभे राहतात. मागे आकाश, त्यावर माणसाची काळी आकृती. बदके लगेच पलीकडच्या काठाला सरकतात आणि मग "आमच्या तलावात काही नसतं" म्हणून लोक परततात. पाळीवर येताना शेवटची काही पावले वाकून या, माथ्याच्या जरा खाली बसा, डोके तेवढे वर ठेवा. पंधरा मिनिटे हलू नका. सरकलेले पक्षी बहुतेक वेळा परत येतात.

दुसरे म्हणजे सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी उलट. एवढी जागा बदलली की काल काळे ठिपके असलेले पक्षी आज रंगीत दिसतात.

बघताना आधी काठ, मग कमळ-शिंगाड्याची पाने आणि बेशरमाची झुडपे, सर्वांत शेवटी मधले उघडे पाणी. उघड्या पाण्यातले पक्षी कुठे पळून जात नाहीत, काठावरचे जातात. काठाच्या चिखलात लाल-गुलाबी लांब पायांचा शेकाट्या आणि शेपटी सारखी हलवणारे धोबी असतात. शिंगाड्याच्या पानांवरून लांबच लांब बोटे टाकत चालणारा कमळपक्षी. बेशरमाच्या आडून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी, कपाळावर लाल ढाल. उघड्या पाण्यात चेंडूएवढे काहीतरी बुडून भलतीकडेच वर आले तर ती टिबुकली. तिला बदकाचे पिल्लू समजण्याची चूक सगळेच करतात. शिट्टी घालत उडणारी तपकिरी बदके म्हणजे अडई. चोचीच्या टोकाला पिवळे आणि मुळाशी लाल दिसले तर ते हळदीकुंकू बदक, नाव ज्याने ठेवले त्याला नमस्कार. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. थापट्याची चोच पळीसारखी रुंद असते आणि ती पाण्यात घुसळतच तो पोहतो.

मोजायचे कसे? दहा पक्ष्यांचा एक गठ्ठा डोळ्यांनी मोजा, तेवढा गठ्ठा किती वेळा बसतो ते बघा. "खूप होते" असे लिहू नका. अंदाजे ६० लिहिले तर पुढच्या वर्षी त्या आकड्याशी काही ताडून बघता येते.

जिथे हमखास गफलत होते

पांढरा तो बगळा, हे अर्धेच खरे. नांगरामागे, ट्रॅक्टरमागे, ढोरांच्या पायांत फिरणारा, पिवळ्या चोचीचा, आखूड मानेचा तो गायबगळा. विणीच्या काळात त्याचे डोके-मान केशरी होते. काळी चोच, काळे पाय आणि पायाची बोटे पिवळी, तो छोटा बगळा. चिखलात पाय असले तर बोटे दिसत नाहीत, तेव्हा चोचीवर जा. यांच्याहून कितीतरी उंच, इंग्रजी एस अक्षरासारखी मान, तो मोठा बगळा.

होले तीन नेहमीचे. मानेमागे काळी अर्धी कडी तो कंठी होला. मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके आणि पंखही ठिपक्यांचे तो ठिपकेवाला. मानेच्या बाजूला बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आणि अंग लहानखुरे तो छोटा होला.

खंड्या पाण्यापासून लांब तुरीच्या शेतात दिसला म्हणून चक्रावू नका. पांढऱ्या छातीचा, लाल चोचीचा मोठा खंड्या सरडे-किडेही खातो. चिमणीएवढा, पोट नारिंगी, तो लहान खंड्या मात्र पाणी सोडत नाही. आणि पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या.

सोयाबीन-हरभऱ्याच्या वावरावर हवेत थबकून उंदीर शोधणारा पांढुरका, लाल डोळ्यांचा पक्षी म्हणजे कापशी घार. पऱ्हाटीवरून (कपाशीवरून) जमिनीलगत, पंख उंच धरून तरंगत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी हिवाळ्यातच येतात.

आता घुबडांचे. मेळघाटात रानपिंगळा आहे. १८८४ नंतर शतकभर तो कुणाला सापडला नव्हता, १९९७ मध्ये पुन्हा सापडला; एवढ्या नावामुळे गावच्या चिंचेवरचा पिंगळाही लोक रानपिंगळा म्हणून नोंदवतात. डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतील तर तो साधा पिंगळा. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते, आणि तो गावात राहत नाही.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, अंगावर झेप घेऊ लागली, तर थांबा आणि पायाखाली बघा. तिची अंडी, बहुधा चार, उघड्या जमिनीवरच असतात आणि खड्यांच्याच रंगाची असतात. आल्या पावली, त्याच पावलांवर, मागे फिरा. अंडी शोधत बसू नका. भर उन्हाळ्यात टिटवी दहा मिनिटे दूर राहिली तरी अंडी तापतात. डोळ्यांपुढे लाल कातडी असलेली टिटवी पाण्याजवळ, पिवळी कातडी असलेली माळटिटवी कोरड्या माळावर.

जपून

वाघाचा भाग असेल, जसे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याची जंगलालगतची गावे, तर एकट्याने जाऊ नका, पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका आणि झुडपात वाकून बसू नका. पाळीवर वाकायला सांगितले ते उघड्या जागेसाठी. निघण्याआधी गुराख्याला विचारा, काल कुणाला पगमार्क दिसले का. मोहफुलांच्या दिवसांत मोहाखाली अस्वलही येते.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी वावराभोवती तार लावलेली असते. झटका मशीन सौरऊर्जेची आहे की कुणी थेट खांबावरून वीज घेतली आहे ते बघून कळत नाही. उघड्या तारेला हात लावू नका, ओलांडू नका. बंद बूट घाला. घोणस पायवाटेवर पडलेली असते आणि दुर्बिणीतून बघणाऱ्याचे लक्ष पायाकडे नसते. दुर्बीण डोळ्यांना लावून एक पाऊलही टाकू नये. पऱ्हाटीवर फवारणी चालू असेल तर पांदणीवरूनच बघा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते, ते विसरू नये.

दुर्बीण घाटाकडे, नदीवर धुणे धुणाऱ्या बायांकडे, घरांकडे चुकूनही रोखू नका. हेतू कितीही चांगला असो, भांडण तिथेच होते. परगावी असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला आणि ज्याच्या धुऱ्यावरून जाता त्याला रामराम करून जा. एकदा दुर्बीण त्याच्या हातात देऊन त्याच्याच बाभळीवरचा सुगरणीचा खोपा दाखवा. पुढच्या खेपेला तोच तुम्हाला हाक मारील.

घरट्याजवळ जाऊ नका, फांदी तोडून "नीट दिसेल" असे करू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. विणीच्या काळात तो बिचारा खरा प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून येतो. अंडी, पिल्ले, घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवायलाही त्या कायद्याने बंदी आहे. उडायला शिकणारे पिल्लू खाली दिसले तर उचलून घरी आणू नका, जवळच्या झुडपावर ठेवा. आई आसपास असते. जखमी पक्ष्यासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

मोबाइल आणि पुढचे

मर्लिन हे ॲप फुकट आहे. भारताचा पक्षीसंच घरीच उतरवून घ्या, वावरात रेंज नसते. फोटोवरून, आवाजावरून ते नाव सुचवते. सुचवते म्हणजे सांगत नाही. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो आणि ॲप शिक्रा लिहून मोकळे होते. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत नाव पक्के करू नका. नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकता येतात; घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेच टाकू नका, सारसाची तर नाहीच. गोंदियाच्या धानबांध्यांत माणसाएवढ्या उंचीचे सारस थोडेच उरले आहेत आणि ते बांधीतच घरटे करतात. लांबून, रस्त्यावरूनच बघायचे.

कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका. फोटोच्या नादात बघणे राहते.

आपल्या वाटेवरचे चाळीस पक्षी न अडखळता सांगता येऊ लागले की बाहेर पडा: हिवाळ्यात नवेगावबांध, रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलेले लोणार सरोवर, डोंगरी पक्ष्यांसाठी चिखलदरा. मेच्या शेवटी पहिल्या वळवाच्या आसपास मात्र घराजवळच राहा. पावशा "पेरते व्हा" सुरू करतो, चातक येतो, आणि नाल्याकाठच्या झाडीत, सकाळी सहाच्या सुमारास, दोन सुरांची स्वच्छ शिट्टी ऐकू आली तर तो नवरंग. शिट्टी घालताना तो बहुधा फांदीवर असतो, एरवी जमिनीवर पाने उलटत असतो. खाली बघा.